तीन पदरी अंथरूण

हुआमांगा, ११ मे

योवाना,

चाप्ला पाव पंचवीस आहेत आणि चीजचे दोन गोळे. चीज आल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाक, तुमच्या त्या लिमाच्या दमट हवेत दोन दिवसांत त्याला बुरशी धरते. पत्र मुद्दाम पिशवीच्या तळाशी ठेवलंय. पाव काढल्याशिवाय ते तुझ्या हाती लागायचं नाही, आणि पाव काढून घेतल्यावर पत्र तसंच परत पाठवायची तुला लाज वाटेल.

दोन वर्षं झाली तू माझा नंबर बंद करून. मी कुरकुर केली नाही. मी बसच्या पार्सलानं पाव पाठवते, तू पिशवी परत पाठवतेस. रिकामी पिशवी परत करायची नाही एवढं वळण तुझ्यात अजून आहे, म्हणून साबण येतो, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात. अक्षर मात्र एक नाही. या खेपेला साबणाच्या वेष्टनात दुमडलेला कागद निघाला. म्हटलं, माझी लेक विरघळली. पण अक्षर मिलुस्काचं होतं.

जशी आहे तशी चिठ्ठी उतरवते: "आजी, मला माझी मैत्रीण गिनीपिगचं, म्हणजे तुमच्या कुयचं, पिल्लू देणार आहे. आई हो म्हणाली. पिंजरा मिळालाय. पण खाली काय अंथरायचं? भुशानं त्यांना शिंका येतात आणि कागद लगेच भिजतो. काही जणी कापडाचं अंथरूण करतात, धुऊन पुन्हा घालता येतं. तुला कापडातलं सगळं कळतं म्हणून विचारते. चांगलं शोषणारं सांग. वास आला तर आई पुन्हा टाकून देईल. आईला सांगू नकोस."

पोरीनं चोरून लिहिलेलं मी तुला का सांगते? कारण मी कापड पाठवलं तरी पिशवी उघडणार तूच. तिला रागावू नकोस. ती आता अकरा वर्षांची आहे आणि तिचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

'आई पुन्हा टाकून देईल' यातला 'पुन्हा' मी तीनदा वाचला. म्हणजे तू तिला अजून काही सांगितलेलं नाहीस. असो. त्याबद्दल आज नको.

कामाचं बोलते. चाळीस वर्षं मी शिवतेय. या गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे घागरे माझ्या मशीनवरून गेलेत. पण लघवी शोषून घेणारं आणि वरून कोरडं राहणारं कापड कुठलं, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डोक्यात पहिलं आलं ते बायेता. बाळांना गुंडाळायला आपण तेच जाड लोकरी कापड वापरतो, तुलाही मी त्यातच गुंडाळलं होतं आणि तू काही कमी भिजवायची नाहीस. तरी नुसतं डोक्यात आलं म्हणून पाठवायचं नाही असं ठरवलंय. शेजारच्या ब्रीहिदाकडून एक कुय मागून आणला, तांबूस पांढरा, आणि जुना पिंजरा माळ्यावरून काढला. आधी इथे अंथरून बघते, मग पाठवते.

ब्रीहिदा भिंतीवरून ओरडली, "सातुर्निना, पाहुणे कोण येणारेत गं? बटाटे मी आणते!"

"हा खायला नाही आणला," मी म्हटलं, "झोपवायला आणलाय."

आता सगळी गल्ली मला हसते. हसू देत.

एकच मागणं आहे. जुलैत शाळेला सुट्टी लागली की मिलुस्काला आठ दिवस इकडे पाठव. तू आली नाहीस तरी चालेल. मी म्हातारी होत चाललेय.

तुझी आई

—

हुआमांगा, २ जून

योवाना,

गोळ्यांच्या डब्यावर तू दोन ओळी लिहिल्यास: "तिला जुलैत पाठवणार नाही. कापड पाठव." दोन वर्षांनी लेकीचं अक्षर दिसलं आणि ते असं. तरी तो डबा मी टाकला नाही.

कापडाचं ऐक. बायेता नापास. ते पाणी पितं, पण सोडत नाही. दुसऱ्या दिवशी उचललं तर ओल्या मेंढरासारखा वास आणि वजन एवढं की पिळताना माझं मनगट दुखलं. इथल्या उन्हात ते वाळायला दोन दिवस लागले, लिमात तर महिनाभर वाळायचं नाही.

मग टॉवेल घातला. टॉवेल शोषतो छान, पण त्याच्या वेटोळ्यांत कुयची नखं अडकतात. एक पाय अडकला आणि एवढं किंचाळला की मी मशीन सोडून धावले. तेव्हा टॉवेल खाली आणि वर पोलर, ते स्वेटरच्या आत लावतात ते मऊ कापड, असं दोन पदरी केलं. धुऊन, कपडे मऊ करायच्या त्या वासाच्या निळ्या पाण्यातून काढून, इस्त्री करून घातलं. माझ्या मते याहून चांगलं काही होणार नाही. थोडे दिवस बघते आणि पाठवते.

आता तुझ्या दोन ओळींचं उत्तर.

मी केलं ते तुझ्या मुलीसाठी केलं. गुड फ्रायडेचा दिवस, पोर तीन दिवस तापानं फणफणलेली, तू तुझ्या इथल्या रुग्णालयात कामाच्या पाळीवर. तू तिला इंजेक्शन देऊन गेली होतीस, मला माहीत आहे. पण तिनं मला ओळखलं नाही, योवाना. मला 'बाई' म्हणाली. मी उतारा करणाऱ्या बासिलियाला बोलावलं. माझ्या आईनं मला असंच बरं केलं होतं आणि तुलाही तू पाच वर्षांची असताना. कुय डोक्यापासून पायापर्यंत अंगावरून उतरवायचा, दुखणं तो आपल्यात घेतो, मग त्याला कापून, उघडून बघायचं कुठे काय आहे. बासिलिया म्हणाली, काळा पाहिजे. घरात काळा होता.

होय, मिलुस्काची कार्बोन. कोळशासारखी काळी म्हणून पोरीनंच ते नाव ठेवलं होतं. तो शब्द लिहायला मला तीन आठवडे लागले, आता लिहिला.

शनिवारी सकाळी पोरीचा ताप उतरला. कशानं उतरला ते मी म्हणत नाही. तू इंजेक्शन म्हणशील, म्हण. तिनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "कार्बोन कुठेय?" मी जे तोंडाला आलं ते बोलले. "आईनं टाकून दिली, वास यायचा म्हणून." तू आठवडाभर तेच तर ओरडत होतीस, की हा घाणेरडा भुसा आणखी एक दिवस असाच राहिला तर पिंजऱ्यासकट फेकून देईन. तू दारात उभी होतीस. तू ऐकलंस. तू तोंडातून ब्र काढला नाहीस. तेव्हाच का नाही बोललीस?

आणि भांडलीस ती दुसऱ्याच गोष्टीवरून. बासिलियानं उघडून बघितलं तेव्हा कार्बोनचे तळपाय लाल होते, सोललेले. ती म्हणाली, थंडी पायातून शिरलीय. मी तुला ब्रीहिदासमोर विचारलं, पोरीला कुठे अनवाणी नेलं होतंस? रुग्णालयाच्या फरशीवर ना? तू तिसऱ्या दिवशी तिला घेऊन लिमाच्या बसमध्ये बसलीस. पण जे दिसलं ते मी बोलले. ते मी आजही मागे घेत नाही.

तुझी आई

—

हुआमांगा, १९ जून

योवाना,

मागे घेते.

ते इस्त्री केलेलं सुंदर अंथरूण मी दोन आठवडे पिंजऱ्यात ठेवलं. वरून सुकंच दिसायचं. शेजारणींना बोलावून दाखवलं. परवा सकाळी लसूणघास टाकायला गेले तर कुय उठून आला नाही. हातात घेऊन उलटा केला. तळपाय लाल होते. टाचेशी कातडं सोललेलं.

तेच पाय होते, योवाना. बासिलियानं पितळीतल्या पाण्यात धरले होते तेच.

अंथरुणावर हात दाबला तर पाणी वर आलं. पोलरमधून ते खाली टॉवेलमध्ये उतरलंच नव्हतं. त्या निळ्या पाण्याचा थर कापडावर बसतो आणि मग कापड पाणी पीत नाही, वरच धरून ठेवतं. हे मला कापडाच्या बाजारातल्या एका बाईनं सांगितलं. मला, जी चाळीस वर्षं शिवतेय! कुय चौदा दिवस ओल्यात बसला होता आणि मी शेजारणींना शिवण दाखवत होते.

तशीच उठून बासिलियाकडे गेले. ती उन्हात मका सोलत होती.

"बासिलिया," म्हटलं, "ओल्यात राहिलेल्या कुयचे पाय कसे होतात?"

"लाल होतात. मग सडतात. म्हणून तर चुलीपाशी कोरड्यात ठेवतो आपण त्यांना. हे काय मला विचारतेस?"

"मग त्या दिवशी तू ते माझ्या नातीचं दुखणं कसं म्हणालीस?"

तिनं कणीस खाली ठेवलं. "मी धडधाकट जनावर मागितलं होतं," ती म्हणाली. "विचारलंही होतं, निरोगी आहे ना? तू हो म्हणालीस. मी जे होतं ते वाचलं. तुझं जनावर ओल्यात पडून होतं हे तू मला सांगितलं नाहीस, सातुर्निना. आजारी जनावरावर कुणाचं दुखणं उतरत नाही. त्यात त्याचंच दिसतं."

तिनं मला विचारलं होतं आणि मी हो म्हणाले होते. न बघता.

तेव्हा जे दिसलं ते तुझ्या पोरीच्या पायाचं नव्हतंच. ते माझ्या भुशाचं होतं. आणि त्याचा दोष मी चारचौघांत तुझ्या माथी मारला.

आता सगळंच लिहिते, अर्धवट लिहून मला झोप यायची नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत मिलुस्कानं मला विचारलं होतं, "आजी, कार्बोनला कापडाचं अंथरूण शिवशील?" मी काय म्हटलं माहीत आहे? "मी नवऱ्या मुलींचे घागरे शिवते, उंदराच्या चादरी नाही." सगळे हसले होते, तू सोडून. एका दुपारचं काम होतं ते. कापडाचे तुकडे माझ्या पायाखाली लोळत होते.

आणखी एक. त्या दिवशी बासिलिया काळा पाहिजे म्हणाली तेव्हा ब्रीहिदाकडे दोन काळे होते. भिंतीपलीकडे. हाक मारली असती तर तिनं दिला असता. मला आठवलंही होतं. पण मला त्या पिंजऱ्याचा राग होता. आपल्या घरात कुय चुलीशी वाढतात, सणाला कापतात, त्यांना नाव देत नाहीत, आणि इथे एका कुयवरून तू आणि मी रोज भांडत होतो, पोर त्याला उशीवर घेऊन निजत होती. माझ्या मनात आलं, हा एकदाचा जाईल तर बरं. ताप खरा होता, भीती खरी होती, पण हेही होतं. हे मी पाद्रींनाही सांगितलेलं नाही.

मी आपलं घर मोडलं का ते मला माहीत नाही. तुझ्या मुलीच्या मनात तुला मात्र मी वाईट केलं, आणि तू ते दोन वर्षं उचलून फिरतेस. मला माफ कर असं लिहिते, पण ते कागदावर फार छोटं दिसतं.

अंथरुणं चार पाठवतेय. आता ती बरोबर आहेत, कुयच्या पायांची लाली उतरायला लागलीय, हातानं तपासलंय. सोबत मिलुस्काचं वेगळं पत्र आहे, पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तू वाच. मग तिला दे, नाहीतर फाडून टाक. तू फाडलंस तरी मी तुला विचारणार नाही.

आई

—

हुआमांगा, १९ जून

माझ्या मिलुस्का,

तुझ्या चिठ्ठीचं उत्तर द्यायला उशीर झाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, मग दुसरं सांगायचंय.

अंथरूण तीन पदरी आहे. वर पोलर, कारण ते मऊ आहे आणि पाणी स्वतःत न ठेवता खाली जाऊ देतं. मध्ये जुना सुती टॉवेल, तो पाणी पितो. खाली पुन्हा पातळ फ्लॅनेल. जाड करायचा मला मोह झाला होता, पण तुमच्याकडे ऊन नाही, जाड वाळणार नाही. चार दिलीत, दोन दिवसांनी बदलायचं. गरम पाण्यात साध्या साबणानं धुवायचं. वासाचं निळं पाणी अजिबात घालायचं नाही. कडा मी आत दुमडून दोनदा शिवल्यात, तरी कुरतडल्या तर दोरा लगेच काप, पायात अडकतो. रोज सकाळी वरून हात दाबून बघ. हाताला ओल लागली तर बदल, वास येईपर्यंत थांबू नकोस. आणि आठवड्यातून एकदा उलटा करून पाय बघ. गुलाबी असले पाहिजेत.

आता दुसरं.

तुझ्या आईनं कार्बोनला टाकून दिलं नाही. मी तुला खोटं सांगितलं.

तुला खूप ताप होता तेव्हा मी बासिलियाबाईंना बोलावलं आणि कार्बोनला तुझ्या अंगावरून उतरवलं. त्यात ती मेली. तू बरी व्हावीस म्हणून मी ते केलं. पण तू कशानं बरी झालीस ते मला माहीत नाही. बहुधा तुझ्या आईच्या औषधानं. कार्बोनला मारायची गरज नव्हती. तुझ्यामुळे ती मेली नाही, हे दोनदा वाच. माझ्यामुळे मेली. तिला विचारून कुणी नेलं नाही, तुलाही विचारलं नाही.

तू मागितलेलं अंथरूण मी शिवलं असतं तर तिचे पाय दुखले नसते. तेही मी केलं नाही.

तुझ्या आईला सगळं माहीत होतं. तिनं तुला माझ्याबद्दल वाईट सांगितलं नाही. तू तिच्यावर रागावलीस तेही तिनं ऐकून घेतलं.

माझ्यावर राग धरलास तरी चालेल. तो माझाच आहे, तिच्याकडून काढून मला दे.

तुझी आजी

—

लिमा, ८ जुलै

आई,

पत्र फाडलं नाही आणि तिच्या हातातही दिलं नाही. रविवारी सकाळी मी तिला वाचून दाखवलं. दोनदा वाच म्हणून लिहिलं होतंस ती ओळ दोनदा वाचली.

तू विचारलं होतंस, मी दारात उभी असून गप्प का राहिले. ती नऊ वर्षांची होती, आई. आपल्यासाठी कार्बोनला कापलं हे तिला कळण्यापेक्षा आई वाईट आहे असं वाटलेलं मला बरं वाटलं. शिवाय तिला तू फार आवडायचीस. दोघींपैकी एकीला तरी तिच्याजवळ राहू दे, असं त्या क्षणी मनात आलं. मग मीच तुला तिच्यापासून तोडलं. तेव्हा मीही काही शहाणी नाही.

तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. विचारलं, "तिला दुखलं का?" मी हो म्हटलं. खोटं पुरे झालं होतं.

मग ती उठली आणि पिंजऱ्यातून तुझं अंथरूण काढलं. आदल्याच दिवशी घातलं होतं, पिल्लू त्यावर पाय पसरून झोपायला लागलं होतं. धुऊन, वाळवून, चारही नीट घड्या करून तिनं तुझ्या पिशवीत ठेवलीत. तीच तुझ्या हातात आहेत. मी म्हटलं, इतकं चांगलं कापड आहे, राहू दे. ती म्हणाली, "चांगलं आहे म्हणूनच नको."

माझा एक जुना टॉवेल मागून घेतला आणि पोलरसाठी स्वतःचा लहान झालेला स्वेटर कापला. तुझं पत्र समोर ठेवून, निळं पाणी न घालता तीनदा धुतला. शिवण फार वाकडी झालीय. जुलैत ती येणार नाही. डिसेंबरचं मी विचारलं, तर म्हणाली, विचारू नकोस.

शिवताना ती माझ्या मांडीला टेकून बसली होती. दोन वर्षांत ती माझ्या इतक्या जवळ बसली नव्हती. त्याबद्दल मी तुझे आभार मानायला हवेत, आणि मला ते लिहिता येत नाहीये.

योवाना